ओबदुलियाची सरळ रेघ

यालोसीच्या गावसभेत हजेरी घेताना कारभारी "एलिगियो मोन्तेस" असं नाव पुकारायचा आणि मागच्या बाकावरून एक बाई "हजर" म्हणायची. पहिल्या वर्षी सगळी सभा खो खो हसली. दुसऱ्या वर्षी निम्मी. पुढे कुणाला त्यात हसण्यासारखं काही उरलं नाही. एलिगियो उत्तरेला गेला तो गेलाच. सीमेपलीकडे कुठल्याशा शहरात परक्यांच्या अंगणातलं गवत कापतो, तिथे त्याने दुसरं बिऱ्हाड थाटलंय, हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. पण यालोसीच्या लेखी तो गावातच होता. फक्त तो आता लुगड्यासारखा घोळदार घागरा घालायचा आणि त्याला लोक ओबदुलिया म्हणायचे.

कारण असं, की यालोसीत जमीन कुणा एकाची नसते. डोंगर, पाणी, रान, कॉफीच्या बागा, इतकंच काय, घराखालची जागासुद्धा गावाची. गाव ती हक्कदाराला वापरायला देतं, आणि हक्कदार म्हणजे पुरुष. पुरुष परागंदा झाला तर त्याच्या वाटचं गावकाम बायकोने करायचं. दरड कोसळली की उपसायची, शाळेला चुना लावायचा, कबरस्तानातलं गवत काढायचं. पगार नाही, पाणीसुद्धा घरून न्यायचं. काम चालू तोवर छप्पर चालू. काम चुकलं की जागा परत गावाकडे आणि बाई तिच्या नशिबाकडे. ओबदुलियाला एक मुलगी होती, नोएमी, तेरा वर्षांची. त्या पत्र्याच्या छपराखाली दोघी राहायच्या, आणि ते छप्पर डोक्यावर राहावं म्हणून ओबदुलिया एलिगियो झाली होती.

गावकामात सगळ्यात मानाचं काम शीव कापण्याचं. पावसाळा संपला की गावचे पुरुष कोयते घेऊन डोंगराच्या कण्यावर चढायचे आणि शेजारच्या गावांना लागून असलेली हद्द मोकळी करायचे. झुडपं, वेली, नेचे, सगळं सपासप छाटत हातभर रुंदीची सरळ रेघ काढायची आणि दोन्ही बाजूंच्या झाडांवर लाल रंगाचे पट्टे मारायचे. सहा-सात महिन्यांत रान ती रेघ गिळून टाकतं, म्हणून दरवर्षी कापायची. या डोंगरांत माणसं अशा रेघांवरून मेली आहेत आणि मारली गेली आहेत. सरळ कापलेली, लाल रंगाची रेघ दिसली की इथलं शेंबडं पोरसुद्धा थांबतं. पलीकडे दुसऱ्याचं.

पहिल्या वर्षी ओबदुलियाने रेघ कापली तेव्हा सिरेनिओ मागून ओरडला होता, "कोमाद्रे, ही शीव आहे की मेंढरांची वाट?" सिरेनिओ हा नोएमीचा धर्मबाप. बाप्तिस्म्याला त्याने तिला हातावर धरलं होतं, तेव्हापासून तो ओबदुलियाचा कोंपाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. म्हणजे सख्ख्या भावाच्या वरचं नातं. त्या दिवशी मात्र त्याने हसून हसून खोकला आणला.

ओबदुलियाला चीड पटकन यायची आणि गेली तरी मुळं ठेवून जायची. त्या वर्षी तिने घरामागच्या उतारावर सरळ रेघ मारण्याचा सराव केला. तीन काठ्या रोवायच्या, एक डोळा मिटायचा, तिन्ही काठ्यांची एकच काठी दिसेपर्यंत हलायचं नाही. कोयता वरून खाली मारायचा नाही, खालून तिरका वर न्यायचा. तीन वर्षांत तिच्यासारखी रेघ गावात कुणाची राहिली नाही. मग हसणं थांबलं. कौतुक अर्थात कुणी केलं नाही.

आणि मग नकाशावाला इंजिनियर आला.

उर्सुआ त्याचं नाव. राजधानीतून आलेला, गोरटेला, बूट चांगले, बोलणं गोड. देशभरातलं एकूण एक रान, दलदल, माळ, खारफुटी नकाशावर आणायची, कुठे काय उगवतं आणि काय जगतं ते रंगांनी दाखवायचं, म्हणजे वाचवायचं काय हे सरकारला कळेल, असं ते काम होतं. त्याने सभेत टेबलावर आकाशातून काढलेला फोटो पसरला. सगळे वाकले. हिरव्यात हिरवं, दुसरं काही नाही.

"वरून पाइन कळतो, कॉफी कधी कळते कधी नाही," तो म्हणाला. "म्हणून जमिनीवर येऊन बघावं लागतं. जे रान नकाशावर नाही ते वाचवता येत नाही."

"आणि नकाशावर आहे ते?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्याला निदान नाव तरी मिळतं."

"मग आमच्या एलिगियोसारखंच की. नाव आहे, माणूस नाही." सभा फिदीफिदी हसली. ओबदुलियाने बोलणाऱ्याकडे असं बघितलं की त्याने हॅट गुडघ्यावरून उचलून तोंडासमोर धरली.

इंजिनियरने फोटोवर बोट ठेवलं तो मोजणीचा बिंदू यंत्राने निवडलेला होता आणि तो नेमका ओल्या रानात पडला होता. बारा महिने ढगात बुडालेलं ते रान. ओकच्या खोडांना हातभर शेवाळ, झाडाएवढे उंच नेचे, फांदीफांदीतून टिपकणारं पाणी. यालोसी आणि लाचिगाल या दोन गावांच्या मधोमध ते होतं आणि दोन्ही गावं आज्याच्या काळापासून त्याच्यावर हक्क सांगत होती. निकाल लागला नव्हता, म्हणून कुणी तिथे कुऱ्हाड नेत नव्हतं. यालोसीवाल्याने फांदी तोडली तर लाचिगालचे येणार, लाचिगालवाल्याने तोडली तर यालोसीचे. निसर्गप्रेम वगैरे शहरातल्या लोकांनी म्हणावं. ते रान दोन गावांच्या वैरामुळे उभं होतं.

"डोंगराच्या कण्यापासून बिंदूपर्यंत एक सरळ रेघ हवी," इंजिनियर म्हणाला. "त्या रेघेवरून चालत पाइन कुठे संपतो, ओक कुठे सुरू होतो, ओलं रान कुठे लागतं ते टिपायचं. रेघ वळली तर मोजमाप फुकट. कोण मारेल?"

पुरुष एकमेकांकडे बघू लागले. गावजमिनीचा कारभारी तेव्हा तिबुर्सियो होता. पांढऱ्या मिशांचा, सावकाश बोलणारा, सगळे त्याला काका म्हणायचे. तो म्हणाला, "सरळ हात गावात एकच आहे. एलिगियोचा." पुन्हा हशा. "जाशील ना गं पोरी?"

"मजुरी?" ओबदुलियाने विचारलं.

"साहेब देतील. आणि गावकामातही धरू. दोन्हीकडून तुझंच." मग तो इंजिनियरकडे वळला. "झाडांना खूण कशाची करणार साहेब?"

"पिवळ्या फिती बांधतो आम्ही."

"फिती माकडं सोडवतात. लाल रंग घ्या. आमच्याकडे डबे पडून आहेत. पैसे नकोत."

त्या वेळी ओबदुलियाला वाटलं, म्हातारा बरा आहे, परक्याला मदत करतोय. इतक्या वर्षांत त्या म्हाताऱ्याने कुणाला फुकट खिळा दिलेला तिने पाहिला नव्हता, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. सगळ्या पुरुषांसमोर, गावच्या तोंडून निघालं होतं की हात तिचाच सरळ.

रेघ कापायला आठवडा गेला. धुक्यात पुढचं माणूस दिसायचं नाही. ओबदुलिया काठ्या रोवायची, इंजिनियर होकायंत्र धरायचा. मोठा ओक आडवा आला की त्याला धक्का न लावता पलीकडून तीच रेघ पुन्हा उचलायची, हे कसब भल्याभल्यांना जमत नाही. तिला जमायचं. मागोमाग ती दोन्ही अंगांच्या खोडांवर लाल पट्टे मारत जायची. बिंदूपाशी पोचल्यावर इंजिनियरने मागे वळून पाहिलं आणि तो थक्क झाला.

"बाई, यंत्राने मारली असती तरी इतकी सरळ आली नसती."

ओबदुलियाने नुसतं कोयत्याचं पातं घागऱ्याला पुसलं. पण त्या एका वाक्यावर ती कितीतरी दिवस जगू शकली असती. मग तिनेही वळून पाहिलं. धुकं क्षणभर हटलं होतं. हिरव्या अंधारातून रेघ उतारावर सुरीसारखी गेली होती आणि दोन्हीकडे लाल पट्टे रांगेत उभे होते. तिने रंगाच्या डब्यावर झाकण दाबलं.

"साहेब, लाचिगालवाल्यांना हे सांगितलंय ना?"

"ते तुमच्या कारभाऱ्यांकडे होतं. सांगितलंच असेल."

सांगितलंच असेल, असं तीही स्वतःशी म्हणाली. कारभारी आहे तो. त्याला एवढं कळत नाही का?

त्याला सगळं कळत होतं. सरकारी माणसाच्या हाताने, सरकारी होकायंत्रावर, आपल्या लाल रंगाने ओल्या रानाच्या मधोमध रेघ पडली तर पुढेमागे न्यायालयात ती शीव म्हणून दाखवता येईल, हे म्हाताऱ्याने त्या टेबलापाशीच ताडलं होतं. आणि अंगावर आलंच, तर रेघ मारणारी कोण? नवरा पळालेली, उसन्या नावावर बसलेली बाई. गावं म्हणजे भोळीभाबडी माणसं असं ज्यांना वाटतं, त्यांनी यालोसीत एक सभा बसून काढावी.

लाचिगालवाल्यांना रेघ दिसली ती उन्हाळ्यात, हरवलेलं खेचर शोधताना. त्यांनी डोंगरातल्या कुणीही घेतला असता तोच अर्थ घेतला. निरोप पाठवला नाही, भांडायला आले नाहीत. साठ-सत्तर माणसं कुऱ्हाडी आणि यांत्रिक करवती घेऊन रानात उतरली. रेघेच्या दोन्ही बाजूंचे ओक आडवे केले, लाल पट्टे असलेलं प्रत्येक झाड आधी, आणि ढिगांना काडी लावली. त्या साली ढग उशिरा आले होते. शेवाळ वाळून कापसासारखं झालेलं. आग खोडांवरून चढत गेली. यालोसीच्या अंगणांत दोन दिवस राख पडत होती, आणि बायका वाळत घातलेली कॉफी पुन्हा पुन्हा झटकत होत्या.

मग त्यांनी रस्ता अडवला. यालोसीचा एकुलता एक रस्ता लाचिगालमधून खाली शहराकडे जातो. त्यांनी ओंडके टाकले आणि पाळीने माणसं बसवली. गॅसची गाडी वर येईना, कॉफीची पोती खाली जाईनात. पोती घरोघर भिंतींना टेकून उभी राहिली आणि माणसांच्या तोंडची भाषा बदलत गेली. आधी "लाचिगालचे हरामखोर" असं होतं. मग "ती रेघ" झालं. मग "ओबदुलियाची रेघ".

ओबदुलियाने फोनच्या टपरीवरून इंजिनियरला गाठलं.

"साहेब, तुम्ही एकदा या आणि त्यांना सांगा, ही शीव नाही, मोजणीची रेघ आहे. तुमचं एक वाक्य पुरे."

"बाई, मला फार वाईट वाटतंय. पण गावागावांतल्या भांडणात पडायची आम्हाला परवानगी नाही."

"भांडण तुमच्या रेघेचं आहे."

"तो बिंदू आम्ही रद्द केलाय. पर्यायी बिंदू घेतला दुसऱ्या डोंगरात. आणि खरं सांगायचं तर तिथे आता ओलं रान राहिलेलं नाही, रंगही बदलावा लागेल." मग आवाज आणखी मऊ करून तो म्हणाला, "तुमचं काम मात्र अप्रतिम होतं."

ओबदुलियाने त्याला जी शिवी दिली ती राजधानीत कळते की नाही कोण जाणे. टपरीवालीला कळली. तिने पोरांना बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी तिबुर्सियो आणि सिरेनिओ तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. तिने गूळ घातलेली कॉफी पुढे ठेवली. लाचिगालच्या कारभाऱ्याचा निरोप आला होता. रेघ मारणाराने त्यांच्या सभेपुढे येऊन कबूल करायचं. मग रस्ता उघडेल.

"कोमाद्रे," सिरेनिओ म्हणाला, "तुला काही खोटं बोलायचं नाही. रेघ तूच मारलीस ना?"

"मीच मारली. मारायला कुणी सांगितलं?"

"आता ते कशाला उकरायचं?"

"का? तिथे तेच विचारतील. मी काय सांगू, एलिगियोने पाठवलं?"

तिबुर्सियोने कप खाली ठेवला. "हे बघ पोरी. गावाने पाठवलं म्हणालीस तर ते गावाशी लढतील. बायकापोरांसकट सगळ्यांशी. कुणी पाठवलं नाही, मजुरीसाठी मी आपणहून गेले, एवढं म्हणालीस तर ते एका बाईवर रागावतील. एका बाईवर माणूस किती वेळ रागावणार?"

"पुष्कळ वेळ," ओबदुलिया म्हणाली. "मी बघितलंय."

चुलीवर घेवडा रटरटत होता. तिने ढवळला, झाकला, आणि जे विचारायचं होतं ते विचारलं.

"आणि माझं छप्पर?"

"छपराला कोण हात लावतोय!" सिरेनिओने छातीवर हात मारला. "नोएमी माझी धर्मलेक आहे. तिच्या डोक्यावरचं छप्पर ते माझ्या डोक्यावरचं. मी आहे ना."

"काका, तुम्ही बोला."

"गाव उपकार विसरत नाही," तिबुर्सियो म्हणाला.

हे उत्तर नव्हतं, आणि ते तिला कळलं. पण भिंतीला टेकलेली तिची स्वतःचीही तीन पोती होती, नोएमीचे शाळेचे बूट होते, आणि समोर छातीवर हात ठेवून बसलेला कोंपाद्रे होता. या डोंगरात कोंपाद्रेचा शब्द खाली पडत नाही, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. ती उठली. "जाते. पण मान खाली घालणार नाही, आधीच सांगते."

लाचिगालची सभा त्यांच्या शाळेच्या पडवीत भरली होती. तिथला कारभारी प्लासिदो बारीक अंगाचा, चष्मेवाला, अतिशय नम्र माणूस. असल्या नम्र माणसांना घाबरावं.

"रेघ तू मारलीस?"

"मी मारली."

"यालोसीत पुरुष संपले काय?" गर्दीतून आवाज आला.

"संपले नाहीत. घरी बसलेत," ओबदुलिया म्हणाली, आणि लाचिगालचे लोक नको असताना हसले.

प्लासिदोने हात वर करून हसणं थांबवलं. "पाठवलं कुणी?"

तिने रस्त्यावरच्या ओंडक्यांच्या दिशेने एकदा पाहिलं. त्याने घाई केली नाही.

"कुणी नाही. इंजिनियर मजुरी देत होता. मी आपणहून गेले."

"यालोसीच्या सभेने सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"तुला कुणी पाठवलं ते आम्हाला ठाऊक आहे, बाई. पण तू म्हणतेस तर आम्ही तुझाच शब्द धरू." त्याने माणूस पाठवून ओंडक्यांपाशी थांबलेल्या तिबुर्सियो आणि सिरेनिओला आत बोलावलं. "हे दोघे साक्षीला. आता पुन्हा सांग, मोठ्याने."

तिने पुन्हा सांगितलं. मान वर ठेवून, सिरेनिओकडे बघत. तो छताकडे बघत होता.

तिला त्यांनी गावच्या कोठडीत टाकलं. दिवसा बाहेर काढून जळलेल्या रानात न्यायचे. आगीतून उभी राहिलेली थोडी झाडं होती, त्यांच्यावरचे लाल पट्टे तिने कोयत्याने खरवडून काढायचे, हा दंड. काळ्या खोडांतून राख उडायची आणि घामात मिसळून तोंडावर चिकटायची. पुरुष ओंडक्यावर बसून बघायचे.

"सरळ खरवड हं," एक जण म्हणायचा. "तुझा हात सरळ आहे म्हणे."

तिने खरवडलं. रडवायला आले होते ते, आणि ती एलिगियो गेला त्या दिवशीही रडली नव्हती. फक्त एका नेच्याच्या जळक्या बुंध्यापाशी ती थांबली. आठवड्याभराच्या कामात ती रोज त्याच्या सावलीत भाकरी खायची. आतून पोकळ झालेला बुंधा हात लागताच ढासळला.

दुपारी तिच्यावर पहारा करणारी बाई तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकरी, आणि मिरचीची चटणी घेऊन आली. बराच वेळ तिने ओबदुलियाला खाताना पाहिलं. मग हळूच विचारलं, "तुमच्या गावात बायकांना सभेत बोलता येतं?"

"मला येतं. नवऱ्याच्या नावाने."

"आम्हाला तेवढंही नाही."

"काही गमावत नाही तुम्ही," ओबदुलिया म्हणाली आणि चटणी पुसून खाल्ली.

तिसऱ्या दिवशी पहाटे रस्ता उघडला आणि दुपारनंतर तिला सोडलं. ती चढण चालत घराकडे निघाली तेव्हा समोरून यालोसीच्या कॉफीच्या गाड्या एकामागून एक खाली येत होत्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवून हात करत होते. माल विकून परतताना सिरेनिओची गाडी मागून आली आणि तिच्याशेजारी मंदावली.

"कोमाद्रे! सुटलीस? देवाची कृपा. बसवलं असतं गं, पण गॅसच्या टाक्या आहेत मागे." आणि तो धूळ उडवत पुढे गेला. गाडीत पुढची जागा रिकामी होती. तिच्यावर त्याची हॅट ठेवलेली होती.

रविवारी सभा. हजेरी झाली. "एलिगियो मोन्तेस." "हजर." मग तिबुर्सियोने घसा खाकरला आणि इतर विषय बाजूला ठेवून एकच विषय घेतला. गावाच्या परवानगीशिवाय वादातल्या रानात रेघ मारून गावाला संकटात टाकल्याबद्दल काय करायचं.

ओबदुलियाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती उभी राहिली.

"परवानगीशिवाय? काका, या इथे, या टेबलापाशी तुम्ही मला पाठवलंत! रंगाचे डबे तुमच्या घरातून आणले मी!"

"लाचिगालच्या सभेत तू काय सांगितलंस?"

"तुम्हीच सांगायला लावलंत ते!"

"मी प्रश्न वेगळा विचारला. काय सांगितलंस?"

ती पुरुषांच्या तोंडांकडे बघू लागली. त्या दिवशी टेबलावर वाकलेले सगळे इथे होते. हसलेले सगळे इथे होते.

"कोंपाद्रे, तू बोल," ती म्हणाली. "माझ्या चुलीपाशी बसून छातीवर हात मारलास तू."

सिरेनिओ उभा राहिला. चेहरा उतरला होता, हे कबूल करायला हवं. "मी काय बोलू? मी साक्षीदार आहे. तिने माझ्यासमोर, लाचिगालच्या सगळ्या गावासमोर दोनदा सांगितलं, की मला कुणी पाठवलं नाही. मी आता उलटं बोललो तर ते म्हणतील, यालोसीवाले खोटारडे, आणि पुन्हा रस्ता अडवतील. कॉफी अजून निम्मीच गेलीय."

शेवटचं वाक्य सभेला पटलं. इतकं पटलं की कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं.

"मग म्हणा ना तसं!" ओबदुलिया ओरडली. "म्हणा की आम्हाला कॉफी विकायचीय! गावाचा कायदा कशाला मध्ये आणता? मी तुमची दरड उपसली. तुमच्या मेलेल्यांवरचं गवत काढलं. तुमची शीव तुमच्यापेक्षा सरळ मारली, तेच तुम्हाला सलतंय!"

"हे बघ, हक्क एलिगियोचा," तिबुर्सियो सावकाश म्हणाला. "एलिगियो इथे नाही. त्याच्या नावाने काम करायची गावाने तुला मुभा दिली, ती गाव मागे घेतंय. हात वर करा."

हात वर झाले. आधी पुढच्या बाकांवरचे, मग बाकीचे. सिरेनिओचा शेवटी, कोपरापासून अर्धाच.

"विरुद्ध?"

ओबदुलियाने हात वर केला. एलिगियोचं मत म्हणून ते मोजलं गेलं. बाहेर खिडकीशी बायका उभ्या होत्या, त्यांच्यात नोएमी होती. आईचा तो एकटा हात तिला दिसला. ती घरी पळाली नाही. तिथेच उभी राहून तिने आत बसलेले चेहरे एकेक करून नीट बघून घेतले.

जागा गावाची असली तरी घराची लाकडं आणि पत्रे ज्याचे त्याचे असतात. यालोसीत घर उभारायचं किंवा उतरवायचं तर सावडीने. आज तुझ्याकडे मी, उद्या माझ्याकडे तू. आणि ओबदुलियाने गावभर सावड केलेली होती. कुणाची कॉफी खुडली होती, कुणाच्या भिंतीची माती तुडवली होती. तिचे दिवस घरोघर फिटायचे बाकी होते. म्हणून ज्या दिवशी तिने छप्पर उतरवायला काढलं, त्या दिवशी सकाळीच माणसं हातोड्या आणि पहारी घेऊन दारात हजर झाली. बोलावणं न करता. सावड चुकवणं हे यालोसीत पाप आहे. बायका मका दळायला आल्या. कुणी अंडी आणली. कुणी मेझकाल दारूची बाटली. परक्या माणसाला वाटलं असतं, घरात लग्न आहे.

सिरेनिओ छपरावर चढला होता. "खिळे वाकवू नका रे!" तो भावांना सांगत होता. "तिला पुन्हा लागतील."

"कुठे लागतील?" खालून नोएमीने विचारलं.

तो पुढचा खिळा उपटायला वळला. शहराच्या बाजारात ओबदुलियाची चुलत बहीण पीठ दळायची, तिच्या खोलीत एक कोपरा मिळणार होता. तिथे पत्र्यांचं काही काम नव्हतं. पण माणसांनी पत्रे जपून उतरवले, एकावर एक रचले, दोरीने बांधून दिले. कामात खोट नाही काढता येणार.

दुपारी जेवणं. सावडीला आलेल्याला पोटभर वाढायचं असतं. ओबदुलियाने घेवडा वाढला, तोर्तिया वाढल्या, चटणी वाढली. डोक्यावर छप्पर नव्हतं. ऊन सरळ चुलीत पडत होतं आणि जाळ दिसत नव्हता.

"काकू, चटणी काय झालीय!" कुणीतरी बोटं चाटत म्हणालं.

"मी नाही वाढणार यांना," नोएमी म्हणाली.

"वाढ."

"यांनी हात वर केले आई. मी बघितलं."

"मीही बघितलं. वाढ. वाढलं नाही तर म्हणतील, बाईच तसली होती. तेवढं समाधान यांना द्यायचं नाहीये मला."

नोएमीने वाढलं. परात इतकी जोरात आदळली की घेवड्याचे शिंतोडे दोघांच्या सदऱ्यांवर उडाले. ते हसले आणि पुसत बसले.

संध्याकाळपर्यंत खांब निघाले. चार खड्डे आणि चूल उरली. माणसांनी हात धुतले, टोप्या झटकल्या, एकेक जण "देव तुझं भलं करो, काकू" म्हणत निघाला. सिरेनिओ मागे राहिला. पंजे चोळत उभा होता.

"कोमाद्रे, माझ्या बागेत तू तीन दिवस दिले होतेस. आज मी आलो, माझे दोघे भाऊ आले." त्याने तिच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच. "फिटली ना आपली सावड?"

तिला त्याच्या तोंडावर थुंकता आलं असतं. ती तशी बाई होतीही. पण नाही म्हटलं तर तो तिचा देणेकरी राहणार, म्हणजे नातं राहणार. तिला त्याचा तेवढाही धागा नको होता.

"फिटली," ती म्हणाली.

सिरेनिओला हायसं वाटलं. त्याने हॅट चढवली आणि जाता जाता परातीत उरलेल्या तोर्तिया बायकोसाठी फडक्यात बांधून घेतल्या.